रक्ताचा अहवाल आणि वस्तीची नजर : डॉ. सुनिती सॉलोमन यांच्या कामातून आपण काय घ्यावे?

फैजपूर-यावल परिसरातल्या वस्त्यांमध्ये आम्ही आरोग्य तपासणीचे शिबिर ठेवतो तेव्हा एक गोष्ट दरवेळी दिसते. साखर आणि रक्तदाब तपासायला रांग लागते. हिमोग्लोबिनसाठी बायाबापड्या येतात. एच.आय.व्ही.चे नाव काढले की रांग विरळ होते. कोणी म्हणते, "आमच्याकडे तसले काही नाही." कोणी जरा बाजूला येऊन हळूच विचारते, "ताई, रिपोर्ट कोणाकोणाच्या हातात जातो?"

हा दुसरा प्रश्न आम्हाला जास्त महत्त्वाचा वाटतो. आज ही तपासणी सरकारी केंद्रात मोफत आहे, उपचारही मोफत आहे. तरीही माणूस तपासणीला येत नाही, कारण अहवाल आल्यावर आपले काय होईल याचा त्याला भरवसा नसतो. भारतात एच.आय.व्ही.चा पहिला पुरावा ज्यांच्या पुढाकाराने मिळाला, त्या शास्त्रज्ञ बाईंनी पुढची जवळपास तीस वर्षे याच प्रश्नावर काम केले. त्यांचे नाव डॉ. सुनिती सॉलोमन. माहेरचे आडनाव गायतोंडे. या मराठी शास्त्रज्ञाची ओळख आपल्या समाजात फारशी नाही. ती व्हावी आणि तिच्या निमित्ताने आपण आपल्या वस्तीकडेही पाहावे, यासाठी हा लेख.

चेन्नईतले मराठी घर

सुनिती गायतोंडे यांचा जन्म १९३० च्या दशकाच्या अखेरीस चेन्नईत, म्हणजे तेव्हाच्या मद्रासमध्ये झाला. घर मराठी, व्यवसाय कातड्याचा व्यापार. लहानपणी दरवर्षी आरोग्य खात्याचे अधिकारी लस टोचायला घरी येत. ते पाहून डॉक्टर व्हायचे मनात आले, असे त्या सांगत. मद्रास मेडिकल कॉलेजात त्या शिकल्या. तिथेच त्यांची भेट व्हिक्टर सॉलोमन यांच्याशी झाली. ते पुढे हृदयशल्यचिकित्सक झाले. ते ख्रिस्ती, या हिंदू. दोघांनी लग्न केले. इंग्लंड, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात विकृतिशास्त्राचे, म्हणजे रक्त, पेशी आणि ऊती तपासून आजार ओळखण्याच्या शास्त्राचे, प्रशिक्षण घेऊन १९७३ मध्ये हे दांपत्य भारतात परतले. सुनितीबाई मद्रास मेडिकल कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवू लागल्या.

जून १९८१ मध्ये अमेरिकेत एड्सचे पहिले रुग्ण नोंदले गेले. १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत विषाणू सापडला. १९८५ मध्ये त्याच्या तपासणीचे संच अमेरिकेत वापरात आले. आपल्याकडे मात्र बहुतेकांचे मत पक्के होते : हा पाश्चात्त्यांचा आजार आहे, आपली संस्कृती वेगळी, आपल्याकडे तो येणार नाही. वृत्तपत्रांतही असाच सूर होता. आणि मद्रास तर देशातले कर्मठ शहर समजले जाई.

सुनितीबाईंनी या मतावर वाद घातला नाही. त्यांनी रक्त तपासायचे ठरवले. तथागतांनी आपल्या धम्माला 'एहिपस्सिको' म्हटले, म्हणजे या आणि स्वतः पाहा. परंपरा सांगते म्हणून, सगळे मानतात म्हणून मान्य करू नका, हेही त्यांनीच सांगितले. प्रयोगशाळेतले काम याच वृत्तीने चालते.

१९८६ : सहा नमुने

त्यांच्या हाताखाली सेल्लप्पन निर्मला ही तिशीतली विद्यार्थिनी एम.डी. करत होती. तिला प्रबंधासाठी विषय हवा होता. मद्रासमध्ये एच.आय.व्ही. आहे का, हे शोधण्याचा विषय सुनितीबाईंनी सुचवला. निर्मला लहान गावातून आलेली, दोन लहान मुलांची आई. आधी ती कचरली, पण तिच्या नवऱ्याने तिला धीर दिला.

ज्यांना धोका जास्त अशा लोकांचे नमुने हवे होते. मद्रासमध्ये देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांची उघड वस्ती नव्हती. पोलीस ज्यांना पकडत त्या स्त्रिया सुधारगृहात ठेवल्या जात. निर्मला तिथे जाऊ लागली. हातमोजे नव्हते, सुरक्षेची इतर साधनेही नव्हती. सुया टोचून नमुने जमवले. रक्तातला द्रवभाग, म्हणजे सीरम, वेगळा करायला दोघींनी एक छोटी कामचलाऊ प्रयोगशाळा उभी केली. नमुने ठेवायला जागा नव्हती, म्हणून निर्मलाच्या घरच्या फ्रिजमध्ये ते राहिले.

मद्रासमध्ये एलायझा तपासणीची सोय नव्हती. सुमारे १४० किलोमीटर दूर वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. टी. जेकब जॉन यांच्या प्रयोगशाळेत ती व्यवस्था झाली. फेब्रुवारी १९८६ मध्ये निर्मला आणि तिचा नवरा बर्फाच्या पेटीत नमुने घालून रात्रीच्या गाडीने काटपाडीला उतरले आणि तिथून वेल्लोरला गेले. तपासणी लावली. थोड्या वेळाने पाहिले तर काही नमुने पिवळे झाले होते. सहा नमुने बाधित निघाले. खात्रीसाठी ते अमेरिकेला पाठवले, तिथेही तोच निष्कर्ष आला. मे १९८६ मध्ये तामिळनाडूच्या विधानसभेत ही माहिती जाहीर झाली. भारतात एच.आय.व्ही. असल्याचा हा पहिला पक्का पुरावा होता.

इथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. आपले रक्त कशासाठी घेतले जात आहे, हे त्या स्त्रियांना सांगितलेले नव्हते. निर्मला यांनी स्वतःच हे नंतर मुलाखतीत सांगितले. तो काळ तसा होता. पण या देशात एच.आय.व्ही.चा पहिला पुरावा देणारी तपासणी सर्वांत खालच्या पायरीवरच्या स्त्रियांवर, त्यांना न विचारता झाली, हे आपण लक्षात ठेवले पाहिजे.

एलायझा कशी चालते?

ही तपासणी कशी होते हे समजले की तिच्याविषयीची अर्धी भीती जाते.

शरीरात विषाणू शिरला की त्याच्याशी लढायला शरीर प्रतिपिंडे तयार करते. एलायझा विषाणूला शोधत नाही, ती या प्रतिपिंडांना शोधते. प्लास्टिकच्या एका पाटीत छोटे छोटे खड्डे असतात. त्यांच्या तळाला विषाणूची प्रथिने चिकटवलेली असतात. त्यावर आपले सीरम टाकतात. प्रतिपिंडे असतील तर ती त्या प्रथिनांना घट्ट धरतात. मग खड्डा धुतात. सैल असेल ते वाहून जाते, चिकटलेले राहते. पांढऱ्या कपड्यावर हळद सांडली की धुऊनही डाग राहतो ना, तसे. पुढे रंग आणणारे विकर जोडलेले दुसरे प्रतिपिंड टाकतात. ते फक्त चिकटून राहिलेल्या पहिल्या प्रतिपिंडांना धरते. पुन्हा धुतात आणि शेवटी रंग देणारे रसायन टाकतात. खड्डा रंगला तर प्रतिपिंडे आहेत, रंगला नाही तर सापडली नाहीत.

ही पद्धत १९७१ मध्ये स्वीडनमध्ये एंगव्हाल आणि पर्लमन या शास्त्रज्ञांनी मांडली. आज कावीळ-बी, डेंग्यू अशा कितीतरी आजारांच्या तपासण्या याच तत्त्वावर होतात. आता बोटाच्या टोकाच्या थेंबावर अर्ध्या तासात निष्कर्ष देणाऱ्या पट्ट्या आल्या आहेत. त्यांच्याही मुळाशी चिकटणे आणि रंग दिसणे हीच युक्ती आहे.

एकच तपासणी का पुरत नाही?

शिबिरात आम्हाला विचारतात, "एकदा पॉझिटिव्ह आले तर पुन्हा कशाला तपासता?" याचे उत्तर साध्या हिशेबात आहे.

समजा, एका गावात १००० माणसे तपासली आणि त्यांच्यापैकी २ खरोखर बाधित आहेत. तपासणी चांगली आहे, पण निरोगी शंभर जणांमागे एकाला ती चुकून बाधित दाखवते. मग उरलेल्या ९९८ जणांपैकी साधारण १० जण चुकीने बाधित दिसतील. म्हणजे बाधित दिसलेल्या १२ जणांपैकी १० जण निरोगी असतील. एका अहवालावर विश्वास ठेवला तर दहा घरे विनाकारण उद्ध्वस्त होतील. म्हणूनच सरकारी केंद्रात एखाद्याला बाधित ठरवण्यापूर्वी तीन वेगवेगळ्या तत्त्वांच्या किंवा बनावटीच्या तपासण्या करतात. तिन्हींचा निष्कर्ष तोच आला तरच तसे सांगतात.

उलट चूकही होऊ शकते. लागण झाल्यावर प्रतिपिंडे तयार व्हायला काही आठवडे लागतात. या काळात विषाणू शरीरात असतो, पण तपासणीत दिसत नाही. म्हणून धोक्याचा प्रसंग नुकताच घडला असेल तर आजच्या 'निगेटिव्ह'वर थांबू नये, समुपदेशक सांगतील तेव्हा पुन्हा तपासावे.

तान्ह्या बाळाचे आणखी वेगळे असते. आईची प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात दीड वर्षापर्यंत राहू शकतात. त्यामुळे नेहमीच्या तपासणीत बाळ बाधित दिसले तरी ते बाधित असेलच असे नाही. अशा बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या ठिपक्यावर सहाव्या आठवड्यापासून विषाणूचाच शोध घेणारी पीसीआर तपासणी करतात. काहीच उपाय केले नाहीत तर आईकडून बाळाला लागण होण्याचे प्रमाण १५ ते ४५ टक्के असते. वेळेवर औषधे दिली तर ते ५ टक्क्यांच्या खाली येते. गरोदरपणातली एक तपासणी एवढे करू शकते.

अहवाल आला, पुढे काय?

१९८६ नंतर तपासणीचे तंत्र देशभर पसरले. माणसाशी कसे वागायचे याची समज त्या वेगाने पसरली नाही. मद्रासमध्येच बाधित आढळलेल्या स्त्रियांना सुधारगृहात डांबून ठेवले गेले. १९९० मध्ये एका पत्रकार महिलेने उच्च न्यायालयात दाद मागितली, तेव्हा त्यांची सुटका झाली.

आपल्या शेजारच्या गोव्यातली गोष्ट तर सगळ्यांनी वाचावी अशी आहे. डॉमिनिक डिसोझा हा तरुण नियमित रक्तदान करायचा. रक्तपेढीतल्या तपासणीत तो बाधित निघाला. फेब्रुवारी १९८९ मध्ये पोलिसांनी त्याला नेले. आपल्याला कशासाठी नेत आहेत, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. गोव्याच्या आरोग्य कायद्यातल्या तरतुदीखाली त्याला एका ओसाड क्षयरोग रुग्णालयात ६४ दिवस एकटे ठेवले. त्याची आई ल्यूसी डिसोझा न्यायालयात गेली आणि न्यायालयाच्या आदेशाने तो बाहेर आला. मात्र अलग ठेवण्याची ती तरतूद अंतिम निकालात रद्द झाली नाही. डॉमिनिकने पुढे बाधितांसाठी संस्था उभारली आणि १९९२ मध्ये त्याचे निधन झाले. त्याने कोणताही गुन्हा केला नव्हता, त्याने रक्त दिले होते.

तपासणीला जोडलेले समुपदेशन

सुनितीबाईंच्या कामाचा खरा पैलू इथे सुरू होतो. पहिला शोध लावल्यावर त्या थांबल्या असत्या तरी त्यांचे नाव इतिहासात राहिले असते. पण त्या सूक्ष्मदर्शकापासून उठून रुग्णांसमोर बसल्या. १९८८ मध्ये मद्रास मेडिकल कॉलेजात त्यांनी एड्सवर काम करणारा गट उभा केला. स्वेच्छेने तपासणी आणि तिच्या जोडीला समुपदेशन ही पद्धत भारतात रुजवणाऱ्या पहिल्या लोकांमध्ये त्यांची गणना होते. १९९३ मध्ये त्यांनी वडिलांच्या नावाने 'वाय. आर. गायतोंडे एड्स संशोधन आणि शिक्षण केंद्र' सुरू केले.

समुपदेशन म्हणजे उपदेश नव्हे. तपासणीपूर्वी माणसाला सांगायचे : ही तपासणी कशाची आहे, निष्कर्ष कसाही आला तरी पुढे काय करता येईल, आणि तुम्ही नाही म्हणू शकता. तपासणीनंतर निष्कर्ष एकांतात सांगायचा, त्याला रडायला वेळ द्यायचा, घरी कोणाला आणि कसे सांगायचे हे त्याच्याबरोबर ठरवायचे. सुधारगृहातल्या स्त्रियांना १९८६ मध्ये जे मिळाले नव्हते, ते इथे पद्धतीचा भाग झाले.

हे सोपे नव्हते. सुरुवातीला त्यांच्या नवऱ्यालाही या कामाची काळजी वाटली होती. या लोकांच्या कहाण्या तुम्ही ऐकल्या तर तुमचे मत बदलेल, असे त्यांनी नवऱ्याला सांगितले. डॉक्टर बाधितांना हात लावायला तयार नसत, त्या काळात त्या रुग्णांच्या जवळ बसत. वर्षे गेली तसे त्यांच्या दवाखान्यातले चेहरे बदलले. नवऱ्याशिवाय कोणाशीही संबंध न आलेल्या घरंदाज बायका बाधित होऊन येऊ लागल्या. पुण्यातल्या संशोधकांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही विवाहित, एकनिष्ठ स्त्रियांमधली हीच लागण समोर आली. 'वाईट चालीचा आजार' ही समजूत तिथेच खोटी ठरली होती. आपण ती अजून सोडलेली नाही.

तंत्राकडेही त्यांचे लक्ष सुटले नाही. औषध कधी सुरू करायचे हे ठरवायला सीडी-४ नावाच्या पांढऱ्या पेशी मोजाव्या लागत. त्याचे यंत्र महागडे, मोजक्या शहरांतच असायचे. त्यांच्या केंद्रातल्या प्रयोगशाळेने चुंबकीय मण्यांनी या पेशी पकडून साध्या सूक्ष्मदर्शकाखाली मोजण्याची स्वस्त पद्धत नेहमीच्या यंत्राशी ताडून पाहिली. तो अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. गरिबाच्या आवाक्यात नसलेली तपासणी गरिबाच्या दृष्टीने नसल्यासारखीच, हे त्यामागचे साधे गणित होते. त्याच वर्षी एप्रिलपासून सरकारने औषधे मोफत द्यायला सुरुवात केली.

औषधांनी माणसे जगू लागली, तेव्हा त्यांना संसारही हवासा वाटू लागला. सुनितीबाईंनी बाधित तरुण-तरुणींची लग्ने जुळवायला सुरुवात केली. एखाद्या वडीलधाऱ्या मावशीसारख्या त्या दोन्हीकडच्यांशी बोलत. 'लव्हसिक' हा माहितीपट त्यांच्या याच कामावर आहे. २८ जुलै २०१५ रोजी त्यांचे निधन झाले. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

आता आपल्या वस्तीकडे

आमच्या कामातला एक प्रसंग इथे सांगणे भाग आहे. ओळख पटू नये म्हणून गाव आणि तपशील देत नाही.

पंचविशीतली एक विधवा. नवरा केळीच्या ट्रकवर जायचा, तापाने खंगून गेला. ती आजारी पडली तेव्हा एका रुग्णालयात तिची तपासणी झाली. अहवाल बंद पाकिटात द्यायला हवा होता. तो उघड्या फाइलवर लाल शाईत लिहिला गेला, आणि ती घरी पोहोचण्याआधी बातमी वस्तीत पोहोचली. पुढच्या बुद्धपौर्णिमेला विहारात खीरदान होते. दरवर्षीप्रमाणे ती पातेल्याजवळ उभी राहिली. एका बाईने तिच्या हातातला डाव काढून घेतला. "तू बस गं," एवढेच म्हटले. नंतर सार्वजनिक नळावर तिची घागर शेवटी लागू लागली.

आम्ही त्या दिवशी विहारात होतो. आम्ही समाजकार्य करतो, समाजशास्त्र शिकलो आहोत. तरीही त्या क्षणी गप्प बसलो. कार्यक्रम बिघडेल, नंतर समजावून सांगू, असे मनाला सांगितले. नंतर समजावले, पण तोवर ती मुलीला घेऊन माहेरी निघून गेली होती. आज ती औषध घेते, तिची तब्येत बरी आहे, मुलगी निगेटिव्ह आहे. पण तिच्या हातचा डाव काढून घेतला जाताना आम्ही खाली पाहिले, हे आम्हाला विसरता येत नाही.

स्पर्शाने, एका नळाचे पाणी प्यायल्याने, एकत्र जेवल्याने किंवा डास चावल्याने एच.आय.व्ही. पसरत नाही. खिरीने तर नाहीच. तो पसरतो असुरक्षित संबंधातून, दूषित रक्तातून, दूषित सुईतून आणि आईकडून बाळाला. नियमित औषध घेणाऱ्याच्या रक्तातला विषाणू तपासणीत सापडणार नाही इतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर संबंधातूनही लागण होत नाही. हे सगळे त्या वस्तीतल्या शिकलेल्या मंडळींना माहीत होते. तरीही घागर मागे लागली.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटत नाही, हे सांगण्यासाठी आपल्या वाडवडिलांनी डोकी फोडून घेतली. त्यांच्याच वस्तीत, त्यांच्याच नातीच्या घागरीला आपण वेगळे ठेवतो तेव्हा आपण कोणाच्या बाजूला उभे असतो, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा.

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडला होता. तो इतरांच्या काही उपयोगाचा नाही म्हणून कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. तथागतांनी स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले, दोघांनी उचलून त्याला मंचकावर ठेवले. मग संघाला बोलावून त्यांनी सांगितले की इथे तुम्हाला आई-वडील नाहीत, तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करणार? ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची करावी. विहारात खीरदान करणाऱ्या आपल्याला याहून स्पष्ट आदेश कोणता हवा?

आणि ज्यांना वाटते की असल्या विषयावर विहारात बोलणे बरे दिसत नाही, त्यांच्यासाठी आणखी एक आठवण. र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिल्याबद्दल अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये त्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले होते. खटला हरला. पण लोकांना पडलेल्या अशा प्रश्नांना शास्त्रीय उत्तर मिळालेच पाहिजे, ही भूमिका त्यांनी न्यायालयात मांडली. बाबासाहेबांना जे न्यायालयात बोलायला संकोच वाटला नाही, ते आपल्याला विहारात बोलायला का वाटावा?

काय करता येईल?

मोठे काही लागत नाही. तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातल्या एकात्मिक समुपदेशन व तपासणी केंद्रात, म्हणजे आयसीटीसीमध्ये, तपासणी मोफत आणि गोपनीय असते. जायचा धीर होत नसेल तर आधी १०९७ या मोफत क्रमांकावर बोलता येते. गरोदर बाईची तपासणी पहिल्या तीन महिन्यांतच करून घ्यावी. लग्नाआधी तपासायचे असेल तर मुलगा आणि मुलगी दोघांनी स्वखुशीने तपासावे. एकट्या मुलीकडे अहवाल मागणे हा अन्याय आहे.

२०१७ चा एच.आय.व्ही.-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, अहवाल उघड करता येत नाही, आणि नोकरी, शाळा, दवाखाना किंवा घरभाडे यांत भेदभाव करता येत नाही. असे घडले तर तक्रार करता येते. त्या विधवेला तेव्हा हे कोणी सांगितले नव्हते. आम्हीही नाही.

कायदा रुग्णालयातल्या फाइलपर्यंत पोहोचतो, नळावरच्या रांगेपर्यंत पोहोचत नाही. तिथे आपणच पोहोचले पाहिजे. कोणाचा अहवाल काय आला हे विचारायचे नाही, कळले तर पुढे सांगायचे नाही, आणि कोणाच्या हातातला डाव काढून घेतला जात असेल तर तिथल्या तिथे बोलायचे. आमच्या भागातल्या काही विहारांत आम्ही आता रविवारच्या वंदनेनंतर महिन्यातून एकदा आरोग्यावर बोलतो. पहिल्या वेळी बायका तोंडाला पदर लावून हसल्या. तिसऱ्या-चौथ्या वेळी एका आजीने विचारले, "सुनेला तपासायला नेऊ का? पण आधी पोराला नेते." आम्हाला त्या दिवशी बरे वाटले.

सुनितीबाईंनी सहा पिवळ्या खड्ड्यांपासून सुरुवात केली आणि त्यांमागच्या माणसांपर्यंत त्या गेल्या. शिबिरात आता आम्हाला कोणी विचारले, "ताई, रिपोर्ट कोणाच्या हातात जातो?" तर आम्ही सांगतो, "तुमच्याच हातात." हे उत्तर खरे ठरवणे मात्र वस्तीच्या हातात आहे.

येत्या बुद्धपौर्णिमेला खीर वाढायला ती यावी, असा निरोप आम्ही तिच्या माहेरी पाठवला आहे. यायचे की नाही, ते ती ठरवेल. आली तर या वेळी आम्ही पातेल्याजवळ तिच्या शेजारी उभे असू.

नमो बुद्धाय! जय भीम!